पोलिओच्या थेंबांचा विषाणू अजून शौचात कसा?

प्रश्न : माझ्या अडीच वर्षांच्या मुलाच्या शरीरात अँटिबॉडीज तयार होत नाहीत, हे गेल्या वर्षी परळच्या एनआयआयएच या रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरच्या संस्थेत कळलं. तेव्हापासून दर महिन्याला सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीज, देतो. पोलिओचा शेवटचा डोस सव्वा वर्षापूर्वीचा, तरी त्याच्या शौचात लशीचा विषाणू सापडतोय आणि पुनःपुन्हा नमुना मागतात. तो तर मस्त पळतो! धाकटी दीड महिन्याची झाली, तिला थेंब द्यायचे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी हे ऐका, तुमचं काहीही चुकलेलं नाही. डोस दिला तेव्हा आजार कुणालाच माहीत नव्हता.

थेंबांमध्ये दुबळा केलेला, पण जिवंत विषाणू असतो. एरवी काही आठवड्यांत आतडी त्याला बाहेर काढतात. तुमच्या बाळाकडे ती ताकद नाही, त्यामुळे तो तिथेच वाढत राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. वाढताना बदलतो आणि पुन्हा लुळेपणा आणणारा होऊ शकतो. सलाइनमधल्या अँटिबॉडीज रक्तात पहारा देतात, म्हणून महिन्याची एकही खेप चुकवू नका. पण आतड्यातला विषाणू त्यांनी जात नाही. म्हणून नमुने. लागोपाठ दोन स्वच्छ आले की सुटका. कंटाळा येतो, मला कळतं, पण देत राहा.

धाकटीला थेंब नकोत, कारण तिच्या शौचातूनही तो जिवंत विषाणू दादापर्यंत पोचू शकतो. तिला पोलिओचं इंजेक्शन द्या : सहा आठवडे, चौदा आठवडे, नऊ महिने. जन्मल्यावर दवाखान्यात थेंब दिले होते का, कार्डावर बघा, आणि दिले असतील तर डॉक्टरांना लगेच सांगा. तिच्या बाकीच्या लशी थांबवू नका. जुलाबाच्या रोटा विषाणूवरचे थेंबसुद्धा चालतात, फक्त लंगोट बदलल्यावर हात नीट धुवायचे.

हात म्हणजे साबणानेच. पोलिओच्या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा नाही. नखांत, अंगठीखाली, बांगडीच्या मागे फेस जाऊ द्या. मुलाचं शौच संडासातच टाका, उघड्या गटारात कधीच नाही. डायपर घट्ट गुंडाळून कचऱ्यात.

पोलिओ रविवारी मीही बूथवर बसून कित्येक डाव्या करंगळ्यांना शाई लावली आहे. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला, तो याच थेंबांमुळे हटला. त्यामुळे आशाताई आल्या की दार लावून घेऊ नका. निदानाचा कागद दाखवा आणि ‘या घरात थेंब नाहीत, इंजेक्शन आहे’ असं त्यांच्या वहीत लिहून घ्यायला सांगा.