कॉन्टॅक्ट नेमका टेकतो कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी ठाणे आणि नवी मुंबईतून स्विच, काँटॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने चालणारा मोठा स्विच) आणि ब्रेकर गरम होण्याबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतली पाच निवडली आहेत. पुढे सांगितलेले काम परवानाधारक तंत्रज्ञानेच करावे. आधी पुरवठा बंद करून कुलूप लावायचे आणि टेस्टरवर भरवसा न ठेवता मीटरने तिन्ही फेज मृत असल्याची खात्री करायची. चालू पुरवठ्यावर घ्यायची मोजमापे सोडली तर हे प्रत्येक उत्तराला लागू आहे, म्हणून दरवेळी लिहिलेले नाही.

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे) : आमच्या वर्कशॉपात १५ एचपीचा कॉम्प्रेसर डायरेक्ट स्टार्टरवर चालतो. काँटॅक्टर ३२ अँपिअरचा आहे. मधल्या फेजची टिप (कॉन्टॅक्टचे टेकणारे टोक) बाकी दोघींपेक्षा खूप जळते. वायरमन दर महिन्याला पॉलिश पेपर मारून देतो, तरी पुन्हा तेच. अलाइनमेंट बिघडली असेल का?

उत्तर : बिघडलेली असू शकते. पण पहिली गोष्ट म्हणजे पॉलिश पेपर आजपासून बंद करा. तोच आजार वाढवतो आहे.

दोन टिपा एकमेकींवर बसलेल्या दिसतात तेव्हा सगळा पृष्ठभाग टेकलेला नसतो. सूक्ष्म उंचवट्यांची मोजकी टोके टेकतात आणि सगळा करंट त्यांतूनच जातो. टेकणाऱ्या टोकांचे एकूण क्षेत्रफळ टिपेच्या आकारावर नव्हे, तर स्प्रिंगच्या दाबावर आणि धातूच्या कडकपणावर ठरते. त्यामुळे टिप चकचकीत दिसते की काळी, याला फार महत्त्व नाही. ती कुठे टेकते आणि किती जोराने टेकते, हे बघायचे.

आता दाबाचे गणित. काँटॅक्टर ओढला गेला की टिपा आधी टेकतात आणि त्यानंतरही कॅरिअर (हलत्या टिपा धरणारा सरकता भाग) थोडा पुढे जातो. या जास्तीच्या प्रवासाला ओव्हरट्रॅव्हल म्हणतात. स्प्रिंग त्यातच दबते आणि टिपेला दाब मिळतो. टिप झिजली की ओव्हरट्रॅव्हल तेवढा कमी होतो. पेपर मारला की चांदीच्या मिश्रधातूचा थर आणखी जातो, टिपेची मूळची गोलाई सपाट होते, दाब घटतो आणि रेझिस्टन्स वाढतो. दर महिन्याला नेमके हेच होत आले आहे.

तपासणीची सुरुवात टर्मिनलपासून करा. प्लास्टिक स्क्रूपाशी तपकिरी झाले असेल तर दोष टिपेत नाही, लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) किंवा स्क्रू ढिला आहे. तो नीट करून महिनाभर बघा. प्लास्टिक आर्क चेंबरच्या (टिपा सुटताना ठिणगी विझते त्या कप्प्याच्या) बाजूने काळवंडले असेल तरच पुढे जा.

आर्क चेंबरचे झाकण (आर्क शूट) काढा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर वाजतो त्या स्थितीवर) ठेवून एका फेजच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलला लावा. मोटरच्या वाइंडिंगमधून खोटा आवाज येऊ नये म्हणून खालच्या वायरी आधी सोडून घ्या. मग कॅरिअर हाताने सावकाश दाबा. आवाज आला तिथे थांबा आणि अजून किती दाबता येते ते बघा. तिन्ही फेजला हेच करा. तिन्ही जवळपास एकाच जागी वाजायला हवेत. तुमची मधली फेज उशिरा वाजत असेल, तर तिचा ओव्हरट्रॅव्हल संपत आला आहे. उरलेला प्रवास नव्या कॉन्टॅक्टच्या निम्म्याहून कमी असेल तर टिपा बदला, हा आमचा ठोकताळा आहे.

अलाइनमेंटसाठी स्टेशनरीच्या दुकानातला कार्बन पेपर पुरतो. त्याचा बारीक तुकडा पातळ पांढऱ्या कागदाला जोडून टिपांमध्ये धरा, कॅरिअर एकदाच दाबून सोडा आणि कागदावरचा ठसा बघा. गोलसर टिपेचा ठसा मधोमध आणि अंडाकृती यायला हवा. ठसा कडेला आला तर टिप तिरकी बसते आहे. हलत्या पट्टीच्या दोन्ही टोकांचे ठसे घ्या, कारण काँटॅक्टरमध्ये प्रत्येक फेज दोन ठिकाणी तुटते. एक टोक नीट आणि दुसरे कडेला, असे पुष्कळदा दिसते. हलती पट्टी स्प्रिंगवर तरंगती असते, ती स्वतःला जुळवून घेते. म्हणून तिरकेपणाची कारणे बहुधा दुसरीकडे असतात : स्प्रिंग बैठकीतून सरकलेली, कॅरिअरची खाच झिजलेली, किंवा टर्मिनलचा स्क्रू जोर लावून आवळताना स्थिर कॉन्टॅक्ट वाकलेला. तिसरे कारण सर्वांत जास्त आढळते. वाकलेला कॉन्टॅक्ट पक्कडीने सरळ करू नका, तो पुन्हा कधीच पूर्ण सरळ होत नाही. कॉन्टॅक्ट किट मिळत असेल तर तिन्ही फेजच्या टिपा आणि स्प्रिंग एकदम बदला. एकच टिप बदलली तर नव्या आणि जुन्या टिपा वेगवेगळ्या क्षणी टेकतात आणि जळण्याची पाळी दुसऱ्या फेजवर येते. किट मिळत नसेल तर अख्खा काँटॅक्टर बदला.

नवी टिप बसवून थांबू नका. कॉइल ४१५ व्होल्टची असेल तर काँटॅक्टर ८५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे सुमारे ३५३ व्होल्टला, ओढला गेलाच पाहिजे. मोटर सुरू होतानाच्या क्षणी कॉइलवरचे व्होल्टेज मोजा. ते त्याखाली जात असेल तर टिपा ठाम न बसता थरथरतात, आणि थरथरणारी टिप कितीही जुळवलेली असली तरी जळते. कॉम्प्रेसरच्या प्रेशर स्विचचा चालू आणि बंद दाबांतला फरक फार कमी ठेवलेला असेल, तरी हाच परिणाम होतो.

प्रश्न (खारघर) : गिझरचा मॉड्युलर स्विच लावताना चर्र आवाज येतो आणि कडेला पिवळा पडला आहे. आत स्प्रे मारून कॉन्टॅक्ट जुळवता येईल का?

उत्तर : नाही. हा स्विच उघडून जुळवण्यासाठी बनवलेला नसतो. शिवाय स्प्रेमुळे धूळ चिकटते. आजच बदला. बदलताना अँपिअर वाचा. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो आणि पुष्कळ घरांत तो ६ अँपिअरच्या स्विचवर टाकलेला सापडतो. १६ अँपिअरचाच लावा. भिंतीतला बॉक्स तिरका असेल तर प्लेटचे स्क्रू आवळताना स्विचची बॉडी पिळली जाते आणि आतला रॉकर (दाबायची पट्टी) अडकत चालतो. म्हणून स्क्रू आवळून झाल्यावर रॉकर दोन्ही बाजूंना टक्कन पडतो का ते बघा.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : सोसायटीच्या जनरेटरचा चेंजओव्हर स्विच जुना, ब्लेड आणि जॉ (पाते आणि त्याला पकडणारा चिमटा) पद्धतीचा आहे. एक ब्लेड तिरके आत जाते आणि त्या जॉचा रंग निळसर झाला आहे. नवा स्विच घ्यावा का?

उत्तर : जॉने लवचीकपणा सोडला नसेल तर हा स्विच सुधारतो. तो जागेवरच जुळवता येतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आधी दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडा. महावितरणची बाजू बंद केली आणि जनरेटर ऑटोवर राहिला, तर वीज गेली असे समजून तो सुरू होतो आणि काम करणाऱ्याच्या हातात ४१५ व्होल्ट देतो. जनरेटरच्या बॅटरीची वायर काढूनच पाना हातात घ्या.

मग केबल बघा. जाड अ‍ॅल्युमिनिअम केबल खालून आधाराशिवाय लोंबत असेल तर तिचे सगळे वजन जॉवर येते आणि वर्षानुवर्षे जॉ एका बाजूला ओढला जातो. केबल सोडा आणि ब्लेड पुन्हा आत घालून बघा. ते आता सरळ गेले तर दोष स्विचचा नव्हता. केबलला क्लॅम्प द्या, लग टर्मिनलवर हाताने अलगद बसेल इतकी ती वळवा आणि मगच बोल्ट लावा. अ‍ॅल्युमिनिअम केबल तांब्याच्या टर्मिनलवर असेल तर बायमेटल (दोन धातूंचा) लग वापरा.

केबल सोडूनही ब्लेड तिरकेच जात असेल, तर जॉच्या बैठकीचे बोल्ट अर्धा फेरा सैल करा, स्विच पूर्ण लावा आणि लावलेल्या स्थितीतच बोल्ट आवळा. जॉ ब्लेडभोवती आपली मधली जागा स्वतः शोधतो. पुष्कळ जण स्विच उघडा ठेवून नजरेने जॉ जुळवतात आणि तिथेच फसतात. बोल्ट आवळल्यावर स्विच पाच-सहा वेळा चालवा, मग ०.०५ मिलिमीटरचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ब्लेड आणि जॉच्या मध्ये दोन्ही बाजूंनी सरकवून बघा. ते कडेला ४-५ मिलिमीटर जाऊन अडले तर ठीक. आरपार गेले तर त्या बाजूला दाबच नाही.

निळसर रंग मात्र वाईट खूण आहे. तापून जॉची ताकद गेलेली असते. तो पक्कडीने आत दाबला तर दोन दिवस घट्ट राहतो आणि पुन्हा उघडतो. असा जॉ किंवा त्याची स्प्रिंग क्लिप बदलायची. सुटा भाग मिळत नसेल तर स्विच बदलायचा. शेवटी ब्लेडवर कॉन्टॅक्ट ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. जाड थर धूळ धरतो.

प्रश्न (रबाळे, नवी मुंबई) : आमच्या कारखान्यात १६०० अँपिअरचा ड्रॉ-आउट (चौकटीतून बाहेर ओढता येणारा) एअर सर्किट ब्रेकर आहे, लोड ९०० अँपिअरच्या आसपास. थर्मल कॅमेऱ्यात आर फेज बाकी दोघींपेक्षा ३५ अंशांनी गरम दिसते. मेन कॉन्टॅक्ट बदलावेत असा सल्ला मिळाला. शिवाय ११ केव्हीच्या व्हॅक्यूम ब्रेकरची अलाइनमेंट कशी तपासतात?

उत्तर : मेन कॉन्टॅक्ट मागवण्याआधी मोजमाप करा. खर्च मोठा आहे आणि दोष बहुधा दुसरीकडे सापडतो. आधी तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने बघा. आर फेजवरच लोड जास्त असेल तर ती गरम असणारच.

लोड समान असेल तर ब्रेकर बंद करून बाहेर ओढा. ब्रेकर चालवणारी स्प्रिंग चार्ज झालेली (दाबून भरलेली) असते आणि ती हाताची बोटे तोडू शकते. कंट्रोल प्लग काढा म्हणजे मोटर स्प्रिंग पुन्हा भरणार नाही, मग एकदा क्लोज आणि एकदा ट्रिप करून स्प्रिंग रिकामी झाल्याची खूण बघा.

आता मोजमाप. तपासणीपुरता पोल (एका फेजचा कॉन्टॅक्ट-संच) जोडलेल्या स्थितीत हवा, म्हणून हँडलने स्प्रिंग एकदाच भरून ब्रेकर क्लोज करा. पोलच्या दोन टोकांमधून १०० अँपिअर डीसी सोडून मायक्रोओहममध्ये रेझिस्टन्स घ्या. तिन्ही पोलचे आकडे लिहा. एखाद्याचा आकडा सर्वांत कमी आकड्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर तो पोल संशयित. मोजून झाले की ट्रिप करून स्प्रिंग पुन्हा रिकामी केल्याशिवाय आत हात घालू नका. त्यानंतर बसबारही (पुरवठ्याच्या जाड पट्ट्या) मृत आणि अर्थ केलेले असतील तरच ब्रेकर सर्व्हिस (नेहमीच्या कामाच्या) जागी ढकलून क्लोज करा आणि मागच्या टर्मिनलपासून टर्मिनलपर्यंत तेच मोजमाप घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे जॉ क्लस्टरचा (ब्रेकरच्या मागे स्थिर ब्लेडला पकडणाऱ्या स्प्रिंगच्या बोटांचा) रेझिस्टन्स. ९०० अँपिअरला १०० मायक्रोओहम जास्तीचे असले तर तिथे ८१ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे बंद पॅनेलमध्ये सोल्डरिंग आयर्न कायम लावून ठेवल्यासारखे.

पोलचे आकडे सारखे आणि क्लस्टरचा वाढलेला, हे चित्र वरचेवर दिसते. मग स्थिर ब्लेडवर बोटांच्या घासण्याच्या खुणा बघा. तिन्ही फेजवर त्या सारख्या लांबीच्या हव्यात. आर फेजवर खूण आखूड असेल तर ब्रेकर तिथे पुरेसा आत जात नाही. बहुतेक वेळा क्रेडल (ब्रेकर बसण्याची चौकट) तिरके असते किंवा रॅकिंग (ब्रेकर आत नेणे) शेवटपर्यंत केलेले नसते. खूण ब्लेडच्या एकाच बाजूला असेल तर मागचा बसबार जबरदस्तीने ओढून बोल्ट लावला गेला आहे आणि ब्लेड मधून सरकले आहे. क्लस्टर थोडा तरंगता असतो, पण त्याला मर्यादा आहे. तेव्हा बसबारचे बोल्ट सोडा, ब्लेड मोकळे होऊ द्या आणि फट राहिली तर ती पॅकिंग पट्टीने भरा. ब्लेड ओढून ती बुजवू नका. क्लस्टरची एखादी स्प्रिंग तुटलेली किंवा ग्रीस वाळून धुळीने घट्ट झालेले असेल, तर तेही याच वेळी बदला. ग्रीस ब्रेकर बनवणाऱ्याने सांगितलेलेच.

पोलचाच आकडा वाढला असेल तर मात्र आत बघायचे. एअर ब्रेकरमध्ये आर्किंग कॉन्टॅक्ट आधी टेकतात आणि शेवटी सुटतात, मेन कॉन्टॅक्ट मध्ये येतात. ब्रेकरला सावकाश क्लोज करण्याची सोय असेल तर हा क्रम तिने बघा. आर्किंग टिप झिजली की मेन कॉन्टॅक्टवरच आर्क बसू लागतो, आणि मग मेन बदलले तरी काही महिन्यांत तेच होते. फिंगर पद्धतीच्या कॉन्टॅक्टचा कार्बन ठसा रुंदीच्या पाऊण भागावर तरी उमटला पाहिजे.

व्हॅक्यूम ब्रेकरचे कॉन्टॅक्ट निर्वात बाटलीत बंद असल्याने दिसत नाहीत. तिथे चार गोष्टी बघतात : झिजेची खूण, कॉन्टॅक्ट टेकल्यावर स्प्रिंग किती दबते, मायक्रोओहम आणि टायमिंग. ५० हर्ट्झला तिन्ही पोल जोडले जाण्यातला (क्लोज होण्यातला) फरक पाव सायकल म्हणजे ५ मिलिसेकंदांपेक्षा आणि उघडण्यातला सायकलचा सहावा भाग म्हणजे ३.३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त नको. फरक जास्त असेल तर लिंकची लांबी जुळवतात. हे करताना बाटलीची दांडी पिळू देऊ नका, दुसऱ्या पान्याने धरून ठेवा. आतला नाजूक बेलो (घड्यांची लवचीक धातूची नळी) पिळला तर तो चिरून व्हॅक्यूम जातो.

प्रश्न (तुर्भे, नवी मुंबई) : रासायनिक कारखान्याजवळ आमचे पॅनेल आहे. चांदीचे कॉन्टॅक्ट काही महिन्यांत काळे पडतात. साफ करावेत का?

उत्तर : पॉवर कॉन्टॅक्ट असतील तर हात लावू नका. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे चांदीवर सल्फाइडचा काळा थर बसतो. तो मऊ असतो, कॉन्टॅक्ट बसताना होणाऱ्या घासण्याने आणि आर्कने फुटतो. तांब्याचा ऑक्साइड वेगळा. तो हट्टी असतो आणि वीज अडवतो, म्हणून तांब्याचे उघडे जोड मात्र वेळोवेळी बघावे लागतात.

खरी अडचण कंट्रोल सर्किटमध्ये येते. २४ व्होल्ट आणि काही मिलिअँपिअरच्या कॉन्टॅक्टवर आर्क होत नाही, त्यामुळे थर फोडायला काही नसते आणि सिग्नल अधूनमधून गायब होतो. तिथे सोन्याचा मुलामा असलेले किंवा दुभागलेल्या टिपेचे कॉन्टॅक्ट मागवा. आणि पॅनेलच्या तळाकडे बघा : केबल ग्लँडचे (केबल आत येण्याच्या जागेचे) एकही भोक मोकळे राहू देऊ नका, दाराची रबरी गास्केट कडक झाली असेल तर बदला. बाहेरची हवा खेचणारा पंखा लावलेला असेल तर त्याने गंधक आतच येतो, त्याऐवजी पॅनेल बंद ठेवून पावसाळ्यात आत छोटा स्पेस हीटर चालू ठेवा.