डॉर्मर बांधा, पण ६२,००० चा आकडा धरून नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनच्या हॅरो भागात तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजाऱ्याच्या घराला जोडलेलं) घर. मुलं मोठी होताहेत आणि साताऱ्याहून आई-बाबा आले की हॉलमध्ये गाद्या पडतात. मागच्या छपराला डॉर्मर, म्हणजे उतरत्या छपरातून बाहेर काढलेला उभ्या खिडकीचा भाग, काढून वर खोली आणि बाथरूम करायचे बिल्डरने ६२,००० पौंड सांगितलेत. बचत २४,००० आणि एनआरई एफडी (अनिवासी भारतीयाची भारतातली मुदत ठेव) साधारण ३०,००० पौंडांची. बाकीचं क्रेडिट कार्डावर. की सरळ चार बेडरूमचं घर घ्यावं?

घर बदलू नका. सहा लाख पौंडांच्या घरावर इंग्लंडमध्ये नुसती स्टॅम्प ड्युटीच २०,००० होते. वर एजंट, सॉलिसिटर. यातला एक पौंडही परत येत नाही.

आता डॉर्मर. तुमच्या कोटेशनच्या तळाशी ‘व्हॅट वेगळा’ लिहिलंय. २० टक्के मिळवले की ७४,४०० झाले. स्ट्रक्चरल इंजिनिअर, पार्टी वॉलचा (शेजाऱ्याशी सामाईक भिंतीचा) सर्व्हेअर, बिल्डिंग कंट्रोलची (बांधकाम नियमांप्रमाणे आहे का ते तपासणाऱ्यांची) फी यांचा त्यात उल्लेखच नाही. खालच्या खोल्यांची दारं बदलून फायर डोअर लावावी लागतील, ती कोण देणार तेही विचारा. छप्पर उघडल्यावर आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. मी ८५,००० धरून चालेन.

तुमचा महिन्याचा खर्च ३,२०० आहे. सहा महिन्यांचे १९,२०० बाजूला ठेवले की बचतीतले जेमतेम ४,८०० हाताशी राहतात. बाकीच्याला हात लावायचा नाही, बिल्डर कितीही घाईला आला तरी.

एफडी मोडायला जीव होत नाही हे समजू शकतो, ७ टक्के व्याज आहे. पण एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी आठ वर्षं ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तुम्हाला ते इथे दाखवावं लागतं. तुमच्या ४० टक्क्यांच्या करपट्ट्यात, व्याजावरची करसूट संपल्यावर, हाती ४.२ टक्केच उरतात, तेही रुपयात. त्यापेक्षा महाग कर्ज काढून एफडी सांभाळण्यात अर्थ नाही. मोडा. मात्र ठेव वर्षाच्या आत मोडलीत तर व्याज शून्य, तेव्हा तारीख बघा. आणि हे व्याज आजवर दाखवलं नसेल तर आधी अकाउंटंटला गाठा.

८५,००० मधून हे ४,८०० आणि एफडीचे ३०,००० वजा केले की राहिले सुमारे ५०,०००. कार्ड नको. तुमचं १.८ टक्क्यांचं गृहकर्ज मार्च २०२७ पर्यंत बांधलेलं आहे, ते मोडून रीमॉर्गेज करणं, म्हणजे त्याजागी नवं गृहकर्ज घेणं, यात दंडही आणि स्वस्त दरही गेला. त्याच बँकेकडे फर्दर ॲडव्हान्स, म्हणजे याच घरावर वाढीव कर्ज, मागा. जुनं कर्ज जुन्या दरानेच राहतं, नव्या रकमेला आजचा दर लागतो. ५ टक्के धरला तर वीस वर्षांसाठी हप्ता ३३० च्या आसपास. महिन्याला ७०० उरतात म्हणता, झेपेल.

‘घराची किंमत ८०,००० ने वाढेल’ हे बिल्डरचं गणित सोडून द्या. तुमच्याच गल्लीत चार बेडरूमचं घर कितीला गेलं ते बघा, त्याच्या वर तुम्हाला कोणी देणार नाही. शिवाय व्हिजिटर व्हिसावर आई-बाबा एका खेपेला सहा महिनेच राहणार. लॉफ्टचा (छपराखालच्या खोलीचा) जिना बहुतेक चढा असतो. वर तुम्ही दोघं जा, खालची खोली त्यांना द्या.

सेमी-डिटॅच्डला छपरात ५० घनमीटरपर्यंतची वाढ बहुतेक वेळा प्लॅनिंग परवानगीशिवाय चालते. तरी काउन्सिलकडून लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट (काम कायदेशीर असल्याचा दाखला) घ्या, विकताना सॉलिसिटर मागतोच. विमा कंपनीला काम सुरू होण्याआधी कळवा. बिल्डरचा शेवटचा हप्ता बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लीशन सर्टिफिकेट हातात पडल्यावरच द्यायचा, हे करारात आत्ताच लिहून घ्या. त्याला ते मान्य नसेल तर दुसरा बिल्डर बघा. दोन कोटेशनं अजून घ्यायचीच आहेत.