आत्याला विचारलंस का?

नौपाडा, ठाणे

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

परवा तू आलास, फाइल टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "मावशी, सरकारच आत्याचं पालक होत असेल तर बरं. मग मला कुणी बोल लावणार नाही." तू गेल्यावर कप विसळताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. फाइलमध्ये डॉक्टरांचे कागद होते, एमआरआय होता, सोसायटीचं पत्र होतं, पुण्याच्या चुलतभावानं धाडलेला कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे आत्याच्या वतीनं सह्या-व्यवहार करायच्या अधिकाराचा, मसुदासुद्धा होता. आत्याचं म्हणणं काय, याचा मात्र एक कागद नव्हता. मी विचारलं तर म्हणालास, "तिला काय कळतंय आता?"

तिथं मी चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे.

मागच्या महिन्यात ती न सांगता कोपरखैरण्याहून गाडीत बसली आणि तुला ठाण्याला दहा नंबरच्या फलाटावर सापडली. बाकावर बसली होती, मांडीवर धुतलेला रिकामा डबा. "ऑफिसला निघालेय" म्हणाली. हे तूच सांगितलंस, आणि डोळे पुसलेस. ज्या बाईला गाडी, फलाट, डबा एवढं सगळं आठवतं, तिला स्वतःचं मत उरलेलं नाही असं तू कशावरून ठरवलंस? आधी तिला विचार.

तू म्हणतोस तशी सरकारी खिडकी नाही, तेही ऐकून ठेव. 1890 चा पालकत्वाचा कायदा अज्ञान मुलांसाठी आहे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय मन ठिकाणावर नसलेल्या मोठ्या माणसाला पालक नेमू शकायचं, त्याच्या मालमत्तेला व्यवस्थापक नेमू शकायचं. 2017 च्या कायद्यानं तो रद्द झाला आणि मालमत्तेची बाजू तशीच रिकामी राहिली. म्हणून घर, ठेवी यांच्यासाठी लोक संविधानाच्या 226 व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जातात. स्वतःला सांभाळू न शकणाऱ्याची जबाबदारी शेवटी राज्याची, हे तत्त्व धरून न्यायालय डॉक्टरांचा अहवाल बघतं आणि पालक नेमतं. नेमतं कुणाला? बहुतेक वेळा घरच्याच माणसाला. म्हणजे फिरून तुलाच. उपचारांपुरतं बोलायचं तर रुग्णाच्या वतीनं कुणी बघायचं याची 2017 च्या कायद्यात यादी आहे, तिच्यात समाजकल्याण संचालकांचं नाव अगदी तळाला आहे, मागेपुढे कुणीच नसेल तेव्हासाठी. आत्याला तू आहेस.

आणि त्या चुलतभावाला सांग, मसुदा परत घे म्हणावं. ज्याला कागद समजत नाही त्याच्या सहीला किंमत नाही. आज समजून सही केली तरी पुढे तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्यारी तिथंच संपते. 1872 च्या करार कायद्याचं 201 वं कलम त्याला वाचायला दे.

2017 च्या त्याच कायद्यात तुझ्या कामाची एक गोष्ट आहे: नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांचं बघायला आत्यानं स्वतः नेमलेला माणूस. हे नेमणं होतं साध्या कागदावर, आत्याच्या सहीनं किंवा अंगठ्यानं, आणि तुझ्या लेखी संमतीनं. हा अधिकार उपचारांपुरताच, पैशाला आणि घराला हात लावता येत नाही. तिनं नेमलं तर तिला ते कधीही बदलता येतं. प्रतिनिधीनं तिची आत्ताची आणि पूर्वीची इच्छा, तिचं आयुष्य कसं गेलं, हे सगळं लक्षात घ्यायचं असतं. कायदासुद्धा तुला तेच सांगतोय, आधी तिला विचार.

मी एवढी का अडून बसलेय ते सांगते. तुझ्या आईलाही हे पूर्ण माहीत नाही.

माझं शिक्षण मामांनी केलं. 2009 साली त्यांना कर्जतच्या बाजूला एका केंद्रात ठेवायचं मी ठरवलं. त्यांना सांगितलं, तलावपाळीला तळ्याकाठी जाऊ. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, बूट स्वतः पॉलिश केले. गाडी मुंब्रा ओलांडून गेली तेव्हा म्हणाले, "कोपिनेश्वराचं देऊळ मागे राहिलं गं." मी म्हटलं, ट्रॅफिक आहे, लांबून जातोय. तिथं गेल्यावर ते रात्री झोपतानाही बूट काढू देईनात. तिथली मावशी मला फोनवर सांगायची, "भाची न्यायला येणार आहे म्हणतात, बूट कशाला काढू म्हणतात." सतरा दिवस. अठराव्या दिवशी त्यांनी बूट काढू दिले आणि त्यानंतर कुठं जायचं असं कधी म्हणाले नाहीत.

त्यांना तिथं ठेवणं चूक नव्हतं, हे मी आजही ठामपणे म्हणेन. मला रात्रपाळ्या होत्या, मुलगी दहावीला होती, ह्यांचं डायलिसिस चालू होतं आणि मामांनी दोनदा गॅस उघडा ठेवला होता. चार वर्षं मी दर रविवारी गेले. पावसात गाड्या बंद पडल्या तेवढे रविवार सोडले तर एकही चुकवला नाही. मी त्यांना टाकलं असं कुणीही म्हणू नये. पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. नको म्हणाले असते तरी कदाचित मी नेलंच असतं. मग आम्ही भांडलो असतो, ते चिडून गाडीत बसले असते. बूट घालून वाट बघत बसले नसते.

म्हणून तुझं कारण मला चालत नाही, की ती नाही म्हणेल. म्हणू दे की.

विचारायचं कसं, तर सकाळी, आंघोळ-चहा झाल्यावर. संध्याकाळी अशा माणसांचा गोंधळ वाढतो, तेव्हा विषयच काढू नकोस. टीव्ही बंद कर. एका वेळी एकच प्रश्न. "तुझं पुढं काय करायचं?" असलं काही विचारू नकोस, त्यावर तुलाही उत्तर देता यायचं नाही. "रात्री सोबतीला ब्यूरोची बाई चालेल का?" "औषधपाण्याचं मी बघू की आणखी कुणी?" असं विचार. तोच प्रश्न दोन-तीन सकाळी विचार, आणि ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत तारखेसकट वहीत लिही. मग डॉक्टरांकडे तिला घेऊन जा. तिला बाहेर बाकावर बसवून स्वतः आत जाऊ नकोस. सहीच्या दिवशी तिला कितपत समजतंय ते डॉक्टरांकडून लिहून घे. पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर ती वही सोबत ने.

केंद्रात ठेवायचंच ठरलं तर आधी तिला ते दाखवून आण, दुपारचं जेवण तिथं जेवू दे.

मी रविवारी सकाळच्या गाडीनं कोपरखैरण्याला येईन म्हणते. आत्याला आधी सांग, आणि मी आलेली तिला चालेल का ते विचारून मला फोन कर.

तुझी,
मावशी