टायमिंग बेल्ट तुटला, आता दाद कोणाकडे मागायची?

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे, ७१,००० किलोमीटर चालली आहे. सहाव्या वर्षापर्यंतचं सगळं सर्व्हिसिंग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला केलं, नंतर बाहेरच्या एका गॅरेजमध्ये गाडी देऊ लागलो. मागच्या महिन्यात चालता चालता इंजिन एकदम बंद पडलं. टायमिंग बेल्ट तुटलाय आणि व्हॉल्व्ह वाकले असावेत, असं निदान आहे. इंजिन अजून उघडलेलं नाही. सर्व्हिस बुकात बेल्ट '९०,००० किलोमीटर किंवा ६ वर्षं' या मुदतीत बदलायला सांगितलाय. सर्व्हिस सेंटर म्हणतं, दोन वर्षं तुम्ही बाहेर काम केलंत, आता आमचा संबंध नाही. गॅरेजवाले म्हणतात, ९०,००० झालेच नव्हते, आणि सहाव्या वर्षी गाडी सर्व्हिस सेंटरकडे होती. दोघांच्याही जॉब कार्डवर 'बेल्ट तपासला, ठीक' असं लिहिलंय. चूक कोणाची धरू आणि दुरुस्ती कुठे करू?

उत्तर : आधी गाडीला सेल्फ मारणं थांबवा. 'एकदा बघू तरी' असं कोणीही म्हणालं तरी नको, आणि धक्का मारून तर मुळीच नको. टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टन चालवणाऱ्या क्रँकला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टशी जोडणारा दातेरी पट्टा. तो तुटला की कॅमशाफ्ट आहे तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि क्रँक फिरला की पिस्टन त्यांच्यावर येऊन आपटतो. आज चार वाकलेले असतील तर उद्या सहा होतील. दुसरं असं की तुटलेला बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली), आयडलर (बेल्टला वळण देणारी पुली) आणि वॉटर पंप यांतलं काहीही भंगारात जाऊ देऊ नका. कव्हर उघडतील तेव्हा स्वतः समोर उभे राहा, फोटो काढा, सुटे भाग पिशवीत घालून घरी न्या. या वादात तुमच्याकडे याहून मोठा पुरावा नाही.

मी आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर स्वतःच्या गॅरेजमध्ये काम केलंय, त्यामुळे दोन्हीकडची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत.

सर्व्हिस बुकातल्या 'किंवा'चा अर्थ एकच : जे आधी भरेल ते. तुमच्या गाडीची सहा वर्षं आधी भरली, तिथेच बेल्टची मुदत संपली. ९०,००० चा दाखला देणाऱ्या गॅरेजवाल्यांनी ओळीचा पहिला अर्धा भागच वाचला. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. इंजिनची धग आणि तापणं-निवणं त्याला सोडत नाही. कमी चालणाऱ्या गाड्यांचे बेल्ट तुटतात ते बहुतेक याच गैरसमजापायी, आणि मला याचा मनापासून राग येतो, कारण हे नुकसान पूर्ण टाळता येण्यासारखं असतं.

आता 'तपासला, ठीक'. हा शेरा मी कोणाच्याही जॉब कार्डवर मान्य करत नाही. वरचं कव्हर काढलं की बेल्टचा वीतभर तुकडा दिसतो, तोही पाठीकडून. हल्लीचे बेल्ट एचएनबीआर जातीच्या रबराचे असतात. त्यांच्या पाठीवर पूर्वीसारख्या भेगा दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. भार पेलतात त्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या, आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. मुदत संपलेला एखादा उतरवलेला बेल्ट हातात घेऊन बघा. पाठ काळीभोर, गुळगुळीत, नव्यासारखी. तो उलटा वाकवून दाताच्या मुळाशी नख फिरवलं की बारीकशी चीर नखाला अडकते आणि जरा जोर दिला की दात सालीसारखा सुटून येतो. बॉनेट उघडून टॉर्च मारणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तपासणीतून तेलाची गळती किंवा कडेची झीज कळते, उरलेलं आयुष्य कळत नाही. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो-मिटतो आणि प्रत्येक वेळी पिस्टन वर यायच्या आत त्याला बाजूला व्हावं लागतं. तो मेळ ज्या पट्ट्यावर आहे, त्याची मुदत टॉर्च मारून वाढवता येत नाही.

म्हणून जबाबदारी मी अशी धरेन. सर्व्हिस सेंटरमधल्या शेवटच्या जॉब कार्डची तारीख बघा. त्या दिवशी गाडीला सहा वर्षं पूर्ण झाली असतील किंवा अगदी भरत आली असतील, तर मोठा वाटा त्यांचा. वेळापत्रक त्यांच्याच कंपनीचं, गाडीचा सगळा इतिहास त्यांच्या संगणकावर, आणि तरी बेल्ट बदलायचं सुचवलं नाही. मात्र त्यांनी लेखी सुचवलं असेल आणि तुम्ही 'पुढच्या वेळी बघू' म्हणाला असाल, तर विषय तिथेच संपतो. जॉब कार्डच्या खाली बारीक अक्षरात 'ग्राहकाने नकार दिला' असा शेरा आहे का, तेही नीट पाहा. गॅरेजवाल्यांनी 'वेळापत्रकानुसार पूर्ण सर्व्हिसिंग' म्हणून पैसे घेतले असतील, तर तेही सुटत नाहीत, कारण मुदत उलटलेल्या बेल्टला त्यांनी ठीक म्हटलं. नुसतं तेल-फिल्टर बदललं असेल तर त्यांचा दोष बराच कमी. आणि सर्व्हिस बुक तुमच्याही गाडीत होतं. तो वाटा तुमचा, आणि बोलणी करताना तो धरून चला, म्हणजे तुमची मागणी रास्त वाटेल.

पण हे सगळं बेल्ट वयाने गेला असं गृहीत धरून. सुटे भाग काय सांगतात ते आधी बघा. काही दात मुळापासून निघालेत आणि वॉटर पंप किंवा आयडलर हाताने फिरत नाही, खरखरतोय, तर तो आधी जाम झाला आणि त्याने बेल्ट तोडला. एकच कड झिजून धागे सुटलेत, तर पुली किंवा टेन्शनर तिरका बसलाय. रबर फुगून तेलकट झालंय, तर कॅमचं किंवा क्रँकचं ऑइल सील बरेच दिवस गळत होतं आणि सर्व्हिसिंग करणाऱ्याच्या ते नजरेला यायला हवं होतं. सगळ्या दोऱ्या एका सरळ रेषेत कापल्यासारख्या तुटल्या असतील, तर बेल्ट कधीतरी मुडपला गेला होता; तसं असेल तर मधल्या काळात कोणी बेल्टला हात लावला होता का, हे दोघांनाही विचारा.

'बाहेर काम केलंत म्हणून संबंध संपला' हे वाक्य वॉरंटीतल्या गाडीला अनेक देशांत चालत नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आणि युरोपीय संघात २०१० च्या नियमांनी केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं एवढ्या कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही. तुमची वॉरंटी मात्र संपलेली आहे. मुदतीनंतर कंपनी जी मदत करते ती सदिच्छेची असते, हक्काची नव्हे, आणि तिथे सर्व्हिस सेंटरच्या शिक्क्यांना वजन असतं. कंपनीकडे जाण्याचा सगळ्यात भरीव फायदा मला विचाराल तर हाच. तेव्हा सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर वाद घालण्यापेक्षा थेट उत्पादक कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहा. डीलरचा धंदा वेगळा, कंपनी वेगळी. सहा वर्षांची जॉब कार्डं, फोटो आणि एकच नेमकी मागणी : सुट्या भागांच्या खर्चात वाटा उचला. उत्तर येईपर्यंत बेल्टच्या कव्हरापलीकडे इंजिन कोणालाही उघडू देऊ नका.

दुरुस्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कंपनी खर्चात वाटा उचलत असेल तर काम सर्व्हिस सेंटरमध्येच करा. नसेल उचलत, तर हेडचं, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात त्या इंजिनच्या वरच्या भागाचं, काम करणारं चांगलं बाहेरचं गॅरेज मी निवडेन. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा अख्खं हेड किंवा अख्खं इंजिन बदलायचा सल्ला मिळतो, कारण तिथली पद्धतच पूर्ण भाग बदलण्याची. मशीन शॉपशी ज्याचं नेहमीचं काम आहे तो माणूस हेड उतरवतो, वाकलेले व्हॉल्व्ह बदलतो, गाइड तपासतो, सीट घासून बसवतो, हेडचा पृष्ठभाग सरळ आहे का ते पट्टी लावून बघतो. काम उघडायच्या आधी प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघायला सांगा. व्हॉल्व्हचा नुसता चंद्रकोरीसारखा ठसा असेल तर पिस्टन बहुतेक वाचतो. भेग किंवा खोल खड्डा असेल तर हिशेब वेगळा, मग वापरलेल्या इंजिनचाही विचार करावा लागतो. काही इंजिनांत बेल्ट तुटूनही व्हॉल्व्हला पिस्टन लागत नाही, म्हणून नवा बेल्ट टाकून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याखेरीज हेड उतरवायला होकार देऊ नका.

काम देण्याआधी मालकापेक्षा मेकॅनिकशी बोला. या इंजिनचे बेल्ट त्याने केलेत का, कॅम आणि क्रँक लॉक करायची टूल त्याच्याकडे आहेत का, हे विचारा. 'खडूने खूण करतो, टूल लागत नाही' असं उत्तर आलं तर गाडी परत आणा, मग ते सर्व्हिस सेंटर असो की गॅरेज. इंजिन थंड असताना बेल्ट बसवायचा, टेन्शनरचा काटा खुणेवर आणायचा, एकदाच वापरायचे बोल्ट नवे घ्यायचे, टॉर्क रेंचनेच आवळायचे, आणि सेल्फ मारायच्या आधी पाना लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून मार्क पुन्हा जुळतात का बघायचं. जो माणूस हे न विचारता सांगेल, त्याच्याकडे काम द्या.

प्रश्न : बेल्टबरोबर वॉटर पंपही बदला असं गॅरेजवाले म्हणतात. पंप चांगला चाललाय. उगाच बिल वाढवतायत का?

उत्तर : पंप टायमिंग बेल्टवरच फिरत असेल तर बदला. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि पंप यांचं आयुष्य साधारण सारखं, आणि मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोचण्यातच जातो. जुनं बेअरिंग वर्षभराने गेलं तर नवा बेल्ट घेऊनच जाईल. पंप बाहेरच्या वेगळ्या बेल्टवर असेल तर मात्र घाई नको. या भागांचा एकत्र किट गेट्स, कॉन्टिनेन्टल, डेको, आयएनए यांसारख्या उत्पादकाचा असेल तर 'कंपनीचा नाही' म्हणून घाबरू नका. गाड्यांचे कारखानेही अशाच उत्पादकांकडून माल घेतात. सीलबंद खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या.

प्रश्न : माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट इंजिनच्या आत, तेलात चालतो. गॅरेजवाला म्हणतो, ग्रेड तीच असली की कुठलंही तेल चालतं. कंपनीकडेच जाऊ का?

उत्तर : तुमच्या बाबतीत हो, निदान आत्ता तरी. ग्रेड म्हणजे फक्त तेलाचा जाडपातळपणा. तेलातल्या बेल्टला त्यातली रसायनंही मानवावी लागतात, म्हणून पुस्तकात ग्रेडसोबत कंपनीचा मंजुरी क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक डब्यावर नसेल तर ते तेल नको. जवळच्या जवळ फेऱ्या होत असतील तर पेट्रोल तेलात उतरतं आणि रबर फुगतं, तेव्हा तेल मुदतीच्या आधीच बदला. बेल्टचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, तेलाचा दाब पडतो, आणि बेल्ट शाबूत असतानाच इंजिन जाऊ शकतं.

कंपनीकडे पाठवतोय त्याचं कारण असं की अशा इंजिनांवर मोफत दुरुस्तीच्या योजना निघतात आणि त्या कंपनीच्या मार्फतच मिळतात. स्टेलान्टिसने युरोपात १.२ लिटर प्युअरटेक इंजिनच्या बेल्टसाठी संरक्षण १० वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवलं. फोर्डने डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत १.० लिटर इकोबूस्टच्या इकोस्पोर्ट आणि फोकस गाड्या ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरसाठी परत बोलावल्या. तुमच्या चेसिस नंबरवर असं काही लागू आहे का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. लागू नसेल तर पुढचं काम बाहेर करायला माझी हरकत नाही, पण बेल्ट बदलताना इंजिनखालचं तेलाचं चेंबर उतरवून जाळी साफ करणाराच माणूस निवडा. आणि तेलाचा लाल दिवा लागला तर घर जवळ असलं तरी पुढे जाऊ नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करूनच न्या.