पदवीचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहे. वय 53, हातात पगार 85 हजार. मुलगी बारावी सायन्सला आहे, 400 मीटर धावते. तिला ऑस्ट्रेलियात एक्सरसाइज अँड स्पोर्ट सायन्सची तीन वर्षांची पदवी करायची आहे. फी वर्षाला 36 हजार डॉलर. एजंट म्हणतात 35 लाखांत काम होईल, बाकीचं ती पार्टटाइम करून भागवेल आणि पुढे पीआर (तिथे कायम राहण्याची परवानगी) मिळेल. प्लॉट विकून आलेले 22 लाख 7 टक्क्यांच्या एफडीत होते. त्यातले 5 लाख गेल्या महिन्यात बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून मुलीच्या शिक्षणासाठी गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकले. पॉलिसीचा बाँड 12 तारखेला आला, फोटो सोबत जोडला आहे. उरलेल्या रकमेसाठी जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) काढू की घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेऊ?

उत्तर : सर, तुमचं पत्र 27 तारखेला आलं आणि त्याच रात्री मी तुम्हाला एका ओळीचा मेल केला : उद्या शाळेतून अर्धी रजा घ्या आणि विमा कंपनीची शाखा गाठा. का, ते इथे सविस्तर लिहितो, कारण असं फसलेले तुम्ही एकटे नाही.

तुम्ही 5 लाख 'टाकले' म्हणता. फोटोत हप्त्याच्या रकान्यात 5,00,000 आहे, शेजारी बारीक अक्षरात 'वार्षिक', आणि खाली हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं. म्हणजे भरायचे आहेत 50 लाख. महिन्याला जवळपास 42 हजार, निम्मा पगार. पुढचे तीन हप्ते उरलेल्या 17 लाखांतून जातील. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही 58 चे होऊन घरी बसाल, आणि हप्ते चालूच. पैसे मिळणार पंधराव्या वर्षी. मुलगी तेव्हा 32 वर्षांची असेल. हे नेमकं कुठल्या शिक्षणासाठी?

साहेबांनी निळ्या पेनने 80 लाखांना गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय '60% फायदा'. 50 चे 80 झाले म्हणजे 60 टक्के, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. फक्त ते 15 वर्षांत होतात. दरसाल काढा, साडेचार टक्क्यांच्या आसपास येतात. त्यासाठी 7 टक्क्यांची एफडी मोडली! ती मोडण्याचा दंड बसला असेल तो वेगळाच.

बाँडच्या मागे तुम्ही सही केलेल्या अर्जाची प्रत आहे, तीही तुम्ही पाठवलीत पण बहुतेक वाचली नाहीत. वार्षिक उत्पन्न 18 लाख लिहिलंय. कुणी लिहिलं? तुमच्या अक्षरात नाही. पडताळणीचा फोन येईल तेव्हा सगळ्याला 'हो' म्हणा, हेही सांगितलं असणार. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही, कंटाळा येतो.

बाँड हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. त्याला 'फ्री लुक' म्हणतात. अटी मान्य नाहीत, एवढं लिहिलं तरी पुरतं. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. तुमचे पंधरा दिवस गेले होते, पंधरा उरले होते. अर्ज बँकेतल्या साहेबांच्या हातात देऊ नका, तो त्यांच्या टेबलावर तिसाव्या दिवसापर्यंत आरामात पडून राहतो. थेट विमा कंपनीकडे द्या, ईमेलवरही पाठवा आणि शिक्का-तारखेची पोच घ्या.

आता ऑस्ट्रेलिया. फी 36 हजार डॉलर. राहण्या-खाण्याचे म्हणून तिथलं सरकारच व्हिसासाठी वर्षाला 29,710 डॉलर दाखवायला सांगतं. 66 हजार धरा, ऑस्ट्रेलियन डॉलर 60 रुपये. वर्षाला 40 लाख, तीन वर्षांचे एक कोटी 19 लाख. परत न मिळणारी व्हिसा फी 2,000 डॉलर, विद्यार्थ्याचा सक्तीचा आरोग्य विमा आणि विमानभाडं त्यावर. एजंटांच्या 35 लाखांत पहिलं वर्षही निघत नाही. त्यांना कमिशन प्रवेश झाल्यावर विद्यापीठाकडून मिळतं. तिसऱ्या वर्षाच्या फीचं त्यांना काय?

पार्टटाइमचं बघू. सत्र चालू असताना पंधरवड्याला 48 तास काम करता येतं. तासाला 25 डॉलर धरले तर 1,200. वर्षातले वीसेक पंधरवडे असं पूर्ण काम मिळालं, आजारपण आलं नाही, तर 24-25 हजार डॉलर. जेवणखाण आणि खोलीचं भाडं बरंचसं सुटेल, फी नाही सुटणार. शिवाय या पदवीत किमान 140 तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण असतं, त्याचा पगार सहसा मिळत नाही. पदवीनंतर साधारण दोन वर्षं काम करायचा व्हिसा मिळू शकतो. पीआर ही वेगळी रांग आहे. तीन वर्षांच्या पदवीवर एक्सरसाइज सायंटिस्टची मान्यता मिळते. रुग्णांवर उपचार करणारा एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट व्हायला आणखी शिकावं लागतं. ते वर्ष एजंटांच्या कागदावर दिसलं नाही.

कर्ज नुसतं 40 लाखांचं घेतलंत तरी व्याज धरून परतफेड सुरू होईपर्यंत त्याचे 50 होतील. साडेदहा टक्के, दहा वर्षं : महिना 67 हजार. पहिला हप्ता आणि तुमची निवृत्ती जवळपास एकाच वेळी. घर तारण. नको. आणि जीपीएफला तर हातच लावू नका.

विषय मात्र मुलीने वाईट निवडलेला नाही. ट्रेडमिलवरच्या धावपटूच्या तोंडाला मास्क लावून तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजायचं, पाय किती जोराने जमिनीवर पडतो ते फोर्स प्लेटवर बघायचं, मग त्यावरून सराव ठरवायचा. 400 मीटर धावणाऱ्या मुलीला हे आवडणारच. पण त्यात शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्र भरपूर आहे, मैदान कमी; हे तिला आधीच सांगा. आपल्याकडे साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) केंद्रं आणि खेलो इंडियामध्ये अशी माणसं लागतात, बऱ्याचदा कंत्राटावर. फिजिओथेरपिस्टचं काम या पदवीवर करता येत नाही, हा घोळ बरेच पालक करतात.

तिने पदवी इथेच करावी. चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठात हा विषय आहे, इंफाळच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठातही चौकशी करा. वर्षाला 4 लाख, चार वर्षं धरलीत तरी 16 लाख. तुमच्या 22 मध्ये बसतं. ते पैसे एक ते चार वर्षांच्या चार एफडीत विभागून ठेवा, दर जूनला एकीची मुदत संपेल. परदेशाची हौस राहिली तर मास्टर्सला जाऊ दे; ब्रिटनमध्ये ते एका वर्षात होतं. तेव्हा कर्ज तिच्या नावावर, हप्ताही तिचाच.

ता. क. : काल तुमचा मेल आला. अर्ज दिलात, पोच घेतलीत, उत्तम. साहेब संध्याकाळी कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले आणि 'सर, मग लहान हप्त्याचा प्लॅन करू' म्हणाले, असं लिहिलंय. पेढे ठेवून घ्या, सही करू नका. पैसे खात्यात जमा झाले की कळवा.