सर्कशीच्या मातीवर ठरलेले अजिंक्यपद

प्रश्न : माझा भाचा शिकागोत नोकरीला आहे. दिवाळीत तो घरी आला असता म्हणाला की, अमेरिकन फुटबॉलचा पहिला अंतिम सामना १९३२ मध्ये छपराखाली, सर्कशीसाठी पसरलेल्या मातीवर झाला. मी त्या वर्षीचा गुणतक्ता पाहिला, तर सर्वाधिक म्हणजे १० विजय ग्रीन बे पॅकर्सचे. तरी हा संघ अंतिम सामन्यात नाही! हे कसे?
— एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : सर्कशीची गोष्ट खरी आहे. ‘अंतिम सामना’ हे शब्द मात्र जरा जपून वापरावे लागतील.

आधी ‘एनएफएल’ या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा गुणतक्ता पाहू. त्या काळी बरोबरीत सुटलेले सामने हिशेबातच धरले जात नसत. निकाली सामन्यांपैकी किती जिंकले, एवढेच पाहिले जाई. शिकागो बेअर्सचे ६ विजय, १ पराभव आणि ६ बरोबऱ्या होत्या, तर ओहायोतील पोर्ट्समथ स्पार्टन्सचे ६ विजय, १ पराभव आणि ४ बरोबऱ्या. दोघांनीही ७ निकाली सामन्यांपैकी ६ जिंकले होते. पॅकर्सने १० जिंकले खरे, पण ३ गमावले, आणि तेवढ्याने ते मागे पडले. बरोबरीला अर्धा विजय मानण्याची आजची रीत (ती १९७२ पासूनची आहे) तेव्हा असती, तर पॅकर्सच पहिले ठरले असते. त्यामुळे आपल्याला पडलेला प्रश्न रास्तच आहे.

बेअर्स आणि स्पार्टन्स यांच्यातील आधीचे दोन्ही सामने बरोबरीत सुटले होते, म्हणून एक जादा सामना ठरला. तो शिकागोच्या रिग्ली फील्डवर व्हायचा, पण कडाक्याची थंडी आणि बर्फ यांमुळे १८ डिसेंबर १९३२ रोजी शिकागो स्टेडियम या बंदिस्त सभागृहात घेण्यात आला. सर्कशीची माती तेथे होतीच, परंतु १०० यार्डांचे मैदान काही त्यात मावेना. मग, आपल्याकडे सोसायटीच्या आवारात ‘चेंडू तळमजल्याच्या ग्रिलला लागला तर दोन धावा, गॅलरीत गेला तर बाद’ असे जागेपुरते नियम ठरतात, तसेच तेथेही ठरले. बाजूची रेषा कठड्याला इतकी चिकटलेली होती की तेथून पुढचा डाव सुरू करणे म्हणजे खेळाडूंना भिंतीवर आपटू देणे. म्हणून चेंडू रेषेपासून आत आणून ठेवावा, असे ठरले.

तीन सत्रे संपली तरी गुणफलक ०–० होता. चौथ्या सत्रात बेअर्सचा संघ गोलरेषेच्या अगदी तोंडाशी आला. ब्रॉन्को नागुर्स्की हा धिप्पाड गडी चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत मुसंडी मारणार, असे सर्वांनी गृहीत धरले. त्याने तशी हूल दिली, मागे सरकला आणि चेंडू रेड ग्रेंजकडे फेकला. टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार! त्याचे सहा आणि त्यानंतरच्या जादा प्रयत्नाचा एक, असे सात गुण झाले. चेंडू पुढे फेकणाऱ्याने डावाच्या रेषेच्या, म्हणजे जेथून डाव सुरू होतो त्या रेषेच्या, किमान पाच यार्ड मागे असले पाहिजे, असा तेव्हाचा नियम होता आणि नागुर्स्की तेवढा मागे नव्हता, अशी हरकत स्पार्टन्सचे प्रशिक्षक पॉट्सी क्लार्क यांनी घेतली, पण पंचांनी ती मानली नाही. पुढे आणखी दोन गुण मिळवून बेअर्सनी सामना ९–० असा जिंकला. स्पार्टन्सचा आधारस्तंभ डच क्लार्क त्या दिवशी मैदानात नव्हता. तो कोलोरॅडोतील एका महाविद्यालयात बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून रुजू झाला होता. व्यावसायिक खेळातील कमाईवर खेळाडूचे वर्ष निघत नसे, असा तो काळ!

आता ‘अंतिम सामना’ या शब्दांबद्दल. हा सामना साखळीतलाच एक म्हणून नोंदला गेला आणि त्याचा निकाल गुणतक्त्यात धरला गेला. परिणामी हरलेले स्पार्टन्स ८ पैकी ६ विजयांवर घसरून पॅकर्सच्याही खाली, तिसऱ्या क्रमांकावर गेले. अंतिम सामन्यात पोहोचलेल्या संघाला उपविजेतेपदही मिळू नये, असे सहसा घडत नाही. लीगचा ठरवून घेतलेला पहिला अंतिम सामना १७ डिसेंबर १९३३ चा; संघांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट पाडल्यानंतरच्या त्या लढतीत बेअर्सनी न्यूयॉर्क जायंट्सना २३–२१ असे हरवले.

माझ्या मते सर्कशीपेक्षा मोलाची गोष्ट पुढेच घडली. १९३३ मध्ये लीगने चेंडू आत आणून ठेवण्याची ती अडचणीतली तडजोड कायमची स्वीकारली आणि पाच यार्डांची अटही काढून टाकली. आज या खेळात जे लांब पास दिसतात, त्यांची वाट त्या बदलाने मोकळी झाली.

शिकागो स्टेडियम १९९५ मध्ये पाडण्यात आले. भाच्याला जागा पाहायची असेल, तर युनायटेड सेंटर या क्रीडागृहासमोरच्या वाहनतळावर उभे राहावे. सामना तेथेच झाला.