फौजदारातली फौज आणि तटरक्षकाचं 'दल'

कागलच्या एका काकांचा प्रश्न आलाय. पुतण्याची कोस्ट गार्डमध्ये नाविक म्हणून निवड झाली. तालमीची पोरं अभिनंदनाचा फलक लावणार आहेत. कुणी म्हणतं 'लष्करात निवड' लिहा, कुणी म्हणतं 'नौदलात'. पुतण्या म्हणतो, दोन्ही चूक, आमच्या कामात पोलिसाचाही वाटा आहे. मग लिहायचं काय?

काका, पुतण्याचं बरोबर आहे.

आपल्याकडं अंगावर वर्दी चढली की पोरगं 'मिल्ट्रीत गेलं'. २०१९ च्या महापुरात एनडीआरएफ आली, नौदलाची पथकं आली, पण लोकांच्या तोंडी सगळ्या 'मिल्ट्रीच्या बोटी'च होत्या. बोलण्यात ते खपतं. लिहिताना खपू नये, कारण इथं शब्द बदलला की अधिकार बदलतो.

हा घोळ जुना आहे आणि तो आपल्या शब्दांतच मुरलाय. फौज अरबी, तिला फारसी 'दार' जोडून फौजदार झाला. मुघल अमलात फौजदार खरोखरच फौज बाळगायचा आणि तिच्याच जोरावर बंडं, दरोडे मोडायचा. लढणं आणि बंदोबस्त एकाच माणसाकडं. पुढं फौज गेली, शब्द राहिला. आज पोलीस उपनिरीक्षकाला आपण 'फौजदारसाहेब' म्हणतो आणि गुन्ह्याच्या खटल्याला फौजदारी. शिपाई आणि हवालदार तर अजून दोन्हीकडं नांदतात.

ही दोन कामं वेगळी करणारा शब्द म्हणजे 'मुलकी'. मुलूख, त्याचा कारभार तो मुलकी. आमच्या घरच्या दप्तरात पणजोबांच्या नावापुढं 'मुलकी पाटील' असं आहे. म्हणजे सारावसुली त्यांची, चोरीमारी पोलीस पाटलाची. दंगल आवरेना तर लष्कर येतं ते मुलकी प्रशासनाच्या मदतीला, दंडाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून. कमीत कमी बळ वापरायचं, हे कायद्यातच लिहिलंय. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षेला उघड धोका असेल, तरच लष्करी अधिकारी आपणहून पाऊल उचलू शकतो. म्हणून बातमीत 'लष्कराला पाचारण' हे शब्द नेमके बसतात: बोलावलं म्हणून आलं.

तटरक्षक दल मात्र रोज गस्तीवर असतं. सत्तरच्या दशकात समुद्रातून चोरटा माल येत होता, आणि युद्धासाठी बांधलेल्या नौदलाला त्यामागं पळवणं परवडणारं नव्हतं. १९७७ मध्ये दल उभं राहिलं, १९७८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्यानं ते संघराज्याचं सशस्त्र दल आहे आणि संरक्षण मंत्रालयाखाली येतं; पण भूदल, नौदल, हवाई दल या तिघांत त्याची गणती नाही. अधिकाऱ्यांची पदंसुद्धा बघा: असिस्टंट कमांडंट, कमांडंट. नौदलाचा लेफ्टनंट तिथं नाही. मच्छीमारांना वाचवणं, तेलगळती रोखणं, संशयित बोट थांबवून झडती घेणं ही त्यांची कामं. पकडलेला माल आणि माणसं पुढच्या तपासासाठी कस्टम किंवा पोलिसांकडं जातात. 'सागरी पोलीस' म्हणाल तर तेही चूक, ते राज्य सरकारचे.

म्हणून 'लष्कर' नको, 'नौदल' नको. 'सशस्त्र दल' चालेल, पण त्यातून पोराचं काम कळत नाही. फलकावर लिहा: 'भारतीय तटरक्षक दलात नाविक पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. आणि छापायला देण्याआधी एकदा बघा, 'नाविक'मधला वि ऱ्हस्व आहे.